देवाला मुकं पीठ चालत नाही

खडकतळच्या माळावर त्या दिवशी साठ-सत्तर बैलगाड्या सुटल्या होत्या. वैशाखाचं ऊन कवटी फोडत होतं, तरी मठापुढच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोहाऱ्याची माणसं होती, उमरग्याची होती, थेट कळंबहून दोन एसट्या बदलून आलेलीही होती. सगळ्यांच्या माना एका माणसाच्या नाकाकडे वळल्या होत्या.

अबोल महाराज पीठ हुंगत होते.

पुढ्यात चाळिशीची एक बाई हात जोडून बसली होती. तिनं पहाटे स्वतःच्या हातानं दळलेली ज्वारी महाराजांच्या तळहातावर होती. महाराजांनी डोळे पांढरे केले, चिमूटभर पीठ निखाऱ्यावर टाकलं. करपट वास सुटला.

“पीठ बोलतंय!” महाराज गरजले. “सवत हाये. सवतीला पोरगा हाये. नवऱ्यानं मळ्याचा तुकडा त्याच्या नावावर केला, तवापासनं तुझ्या पोटात गोळा उठतोय. खरं का खोटं?”

बाईनं हंबरडा फोडला. “खरं, बापा! कुनाला म्हनून सांगितलं न्हवतं म्या!”

“सांगू नकोच. म्या विचारीत न्हाय, तू सांगायचं न्हाय. डाक्टर नाडी बघतो, नाडी मनगटात ऱ्हाती. दुःख कुठं ऱ्हातं? दुःख हातातनं खुट्यात उतरतं, खुट्यातनं दगडात, दगडातनं पिठात. बाई खोटं बोलंल, पीठ बोलनार न्हाय!”

नाव अबोल, पण गादीवर बसले की महाराजांच्या तोंडाला खीळ नसे.

मांडवाच्या खांबाला टेकून महानंदा हे सगळं वहीत उतरवून घेत होती. ती लोहाऱ्याच्या मास्तरांची मुलगी. मुंबईला समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात होती. मनाच्या आजारांचा विषय घेऊन दुसऱ्या वर्षाला. औषध देणं डॉक्टरचं काम. तिचं काम रोग्याच्या घरी जायचं, ऐकायचं, घरच्यांना समजावायचं आणि सगळं नीट लिहून ठेवायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रबंधासाठी ती एकच प्रश्न घेऊन आली होती: मन बिघडलेल्या माणसाला गावातून आधी कुठे नेतात? उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. सगळे खडकतळला नेत होते.

परवानगी मागायला गेली तेव्हा महाराज फुगलेच. “मुंबैचं कालेज आमची परीक्षा घ्यायला आलंय व्हय? लिही बाई, नीट लिही. खाली सही पायजे तर तीबी देतो.”

पहिल्याच दिवशी मठामागे गेली आणि वही तिच्या हातातून पडली. लिंबाच्या झाडाला पाच बायका साखळीनं बांधल्या होत्या. मिरच्यांच्या धुरीनं डोळे सुजलेले, अंगाखालची जमीन ओली, मनगटाच्या जखमांवर माश्या बसलेल्या. एकीच्या पोटरीवर पळीचा डाग होता आणि त्यावर कुणीतरी भस्म फासलं होतं. त्याखाली पू साचला होता. महानंदा एकेकीचा चेहरा बघत पुढं गेली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की चौथी बाई धुरपदा आहे.

एका गल्लीत वाढलेल्या, एका पाटीवर अक्षरं गिरवलेल्या मैत्रिणी. धुरपदा चौथीत असताना तिची शाळा सुटली, पुढं बलभीमशी लग्न झालं. तीन महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाला. तेव्हापासून ती झोपेना, जेवेना, पोराला जवळ घेईना. भिंतीकडे तोंड करून बसू लागली. सासू मथुराबाईनं तिला इथं आणलं.

“तुम्ही हिला इथं का ठेवलंत, मामी?” महानंदानं विचारलं.

मथुराबाई दुष्ट नव्हती. तिचेही डोळे रडून सुजले होते. “तू शिकलेली हाईस, मान्य हाये. पन महाराजांनी पीठ हुंगलं आन दोनशे मान्सांत सांगितलं, की हिच्या मनात लेकराला आडात टाकायचं आलं व्हतं. तवा ही भुईवर पडली गं. न्हाय म्हनाली न्हाय! कुनाला ठावं न्हवतं. नवऱ्याला न्हाय, मला न्हाय. महाराजांना कसं कळलं? डाकीण बसलीया हिच्यात. अवसंला कपाळावर डाग देनार. मग निघंल म्हनत्यात.”

“अमावस्या कधी आहे?”

“येत्या शनवारी.”

म्हणजे चार दिवस. कपाळावर तापल्या लोखंडाचा डाग, आणि तो देऊन झाला की ‘डाकीण’ हा शिक्का जन्मभराचा. त्या बाईच्या हातात पुन्हा पोर कुणी दिलं नसतं.

महानंदा धुरपदाशेजारी तासभर बसली. तिच्याकडे पन्नास प्रश्नांचा छापील तक्ता होता. झोप कशी लागते? भूक? रडू येतं का? धुरपदानं एकाही प्रश्नाला मान वर केली नाही. मुंबईत शिकलेलं सगळं कौशल्य त्या झाडाखाली वाया गेलं. या महाराजाला पीठ हुंगून जे कळतं ते मला का कळत नाही, या विचारानं महानंदा आधी ओशाळली आणि नंतर सावध झाली.

पुढचे दोन दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. महाराजांपुढं बसलेल्या प्रत्येक माणसाला मठात पाऊल टाकल्यापासून गादीपुढं बसेपर्यंत त्यानं काय काय केलं, ते विचारलं आणि रकाने भरले. एकेचाळीस माणसं. मग लोहाऱ्याला परतून शरिफाबीच्या ओसरीवर तिनं तक्ता पसरला.

शरिफाबी त्यांच्याच गल्लीतली बांगड्या भरणारी. महानंदा आणि धुरपदा दोघींच्या हातांत पहिल्या काचेच्या बांगड्या तिनंच चढवल्या होत्या.

“वाच की बेटी, मला कुठं येतंय. ह्ये इतक्या फुल्या कशाच्या?”

“एकेचाळीसपैकी पुरुष पंधरा. त्यांना महाराज नुसतं ‘घरात कटकट हाये’, ‘पैका टिकंना’ एवढंच सांगतो. ते कुणालाही लागू पडतं. बायका सव्वीस. त्यातल्या बावीस जणींचं बारकाईनं खरं सांगितलं.”

“आन चौघी?”

“दोघी मोठ्या घरच्या. त्यांनी दळलंच नाही, पिठाचं पोतं धाडलं. महाराज म्हणाला, यांचं पीठ मुकं.”

“बराबर हाये. मठाचा नेमच हाये तो. गिरनीचं पीठ चालत न्हाय, बाईनं स्वता दळायचं. आन दळताना गप बसायचं न्हाय. मुकं पीठ देव खात न्हाय म्हनं.”

“तिसरीची दाढ सुजली होती. तिनं पायलीभर दळलं, पण गायली नाही. तिचंही पीठ मुकं. आणि ही चौथी बघा.” महानंदानं बोट ठेवलं. “वडाराची बाई. दोन पायल्या दळलं, पहाटभर गात होती, घाम गाळला. तरी पीठ मुकं. मी विचारलं, बाई, काय गायलीस? म्हणाली, आमचंच गाणं, तेलगूतलं.”

शरिफाबीच्या हातातलं पान तोंडापाशी थबकलं. मग ती अशी हसली, की ओसरीवरची कोंबडी उडाली. “या अल्ला! त्यांच्या पिठाला मराठी येती, कानडी येती, तेलगू येत न्हाय!”

“जात्याच्या खोलीत बाईसमोर कोण बसतं?”

“निलव्वा. मठातली रांडमुंड, विजापुराकडची. दोघींचं दळन असतं ना. एकीनं ओवीची वळ टाकायची, दुसरीनं पुरी करायची.” शरिफाबीचं हसू मावळलं. “तौबा. बेटी, जात्यावर बाई खोटं गात न्हाय. सासूला सांगत न्हाय, आईला सांगत न्हाय, ते दगडाला सांगती. दगड घरघर करतो, कुनाला ऐकू जात न्हाय, म्हनून सांगती. त्ये चोरून…” ती अंगणात जाऊन थुंकली.

महानंदालाही तसंच झालं होतं. वर्गात पहिल्या दिवशी त्यांना एक नियम शिकवला होता: दुःख सांगणाऱ्याचं बोलणं तिसऱ्या कानी जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी कपाटाला कुलूप, कागदावर नावाऐवजी आकडा. आणि इथे एका बाळंतिणीनं अंधारात दगडाला सांगितलेली गोष्ट दोनशे माणसांपुढं ओरडून सांगितली होती, वर तिलाच डाकीण ठरवलं होतं.

“मला ओव्या येत नाहीत,” ती म्हणाली. “आमच्या घरी लहानपणापासून गिरणीचंच पीठ. तुम्ही गाल? खोटी ओवी. रसूलभाई पुरात वाहून गेला, अशी काहीतरी.”

“तोंड फोडीन!” शरिफाबी ताडकन उठली. “जित्या लेकाला मेला म्हनू? एसटीत कंडक्टर हाये त्यो, रोज घाट चढतो!”

“काकी, गाण्यानं कुणी मरत नाही.”

“ठावं हाये मला. तरीबी म्हननार न्हाय.” ती पुन्हा खाली बसली. मग हळूच म्हणाली, “मला पोरगी न्हाय. न झालेल्या पोरीला मारीन. तिचं काय वाईट व्हनार?”

शुक्रवारी पहाटे तोंडावर पदर ओढून शरिफाबी जात्याच्या खोलीत गेली. बायका बाहेर रांगेत पेंगत होत्या. निलव्वानं तिला ओळखलं नाही. निलव्वा विधवा, बांगड्या भरायला तिच्याकडे कधी आलीच नव्हती. दार लागलं, जातं घरघरू लागलं. महानंदा दाराबाहेर उभी होती. घरघरीपलीकडे तिला काही ऐकू आलं नाही. अर्ध्या तासानं शरिफाबी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

“काय गायलात?”

शरिफाबीनं तिच्या कानाशी गुणगुणून दाखवलं:

“मैना गेली गं पुरात, लाल परकर दारात,
सात वर्सं झाली बाई, वाळंना गं उन्हात.”

महानंदाच्या अंगावर काटा आला. “तुम्ही खरंच रडलात?”

“पोरगी खोटी, बेटी. रडू कुठलं खोटं आनू?” तिनं नाक पुसलं. “आन ऐक. दार बंद, खिडकी न्हाय. पन कोनाड्यातला दिवा सारखा एका अंगाला झुकत व्हता. त्या कोनाड्याला पाठ न्हाय.”

ऊन वर आलं. मांडव भरला. महाराजांनी दोन-चार पिठं हुंगली, दोन-चार हंबरडे झाले. मग शरिफाबी पदर ओढूनच पुढ्यात बसली.

“पीठ बोलतंय! पानी दिसतंय… पूर. लाल परकर. पोरगी व्हती तुला. सात वर्सं झाली. मैना, मैना म्हनून हाका मारतीस. खरं का खोटं?”

“महाराज, आता कुठं हाये ती?”

“तुझ्या पाठीशीच उभी! केस ओले, परकर ओला!”

शरिफाबीनं सावकाश मागे वळून पाहिलं. मागे एक म्हातारा नवसाची कोंबडी काखेत धरून बसला होता. “पाठीशी तर त्या बाबाची कोंबडी हाये.”

कुणीतरी खुसकन हसलं. शरिफाबी उठली आणि तिनं पदर मागे टाकला. “बायांनो, वळखलं का?”

“आगं बया! बांगड्यावाली शरिफाबी!”

“तुमच्यातल्या निम्म्यांची मनगटं ह्या हातानं धरल्यात. सांगा, मला लेकी किती?”

“लेक कुठली? एकच पोरगा, रसूल!” चारी बाजूंनी आवाज उठले. “कंडक्टर हाये की त्यो! परवाच तिकीट फाडलं माझं!”

महाराज क्षणभर खरोखरच अबोल झाले. मग सावरले. “पोटातच गेली असंल! आईला ठावं नसंल!”

“आईला ठावं न्हाय, आन पोरगी सात वर्सं परकर नेसतीया व्हय!” मागून एक म्हातारी ओरडली. मांडव खदखदला.

आता महाराजांनी शेवटचं हत्यार काढलं. “मुसलमानीन! देवाचं जातं बाटवलं! बघता काय, धरा तिला!”

पुरुषांत चुळबुळ झाली. दोघं-तिघं उठले. पण त्यांच्याआधी मथुराबाई उठली. “बाटलं म्हनं! माझा लग्नाचा चुडा हिच्या सासूनं भरला, तवा देव्हाऱ्यातला देव उठून गेला न्हाय. त्ये ऱ्हाऊ द्या. आधी मला सांगा, मैना कोन?”

धुरपदाला दिलेल्या धुरीची मिरची तिनं स्वतःच्या घरून आणून दिली होती.

“मैना कोण ते मी दाखवते,” महानंदा म्हणाली. “बायांनो, माझ्यामागं या.”

जात्याच्या खोलीत निलव्वा कोनाड्याला पाठ लावून उभी होती. दोन बायकांनी तिला बाजूला केलं. कोनाड्याच्या आत काळं फडकं ताणलेलं होतं. महानंदानं फूटपट्टी त्यातून आरपार घातली, पलीकडून “आयो!” असा आवाज आला. मागोमाग आलेल्या बलभीमनं, धुरपदाच्या नवऱ्यानं, शेजारच्या खोलीचं दार लाथेनं उघडलं. महाराजांच्या कानाशी येऊन कुजबुजणारा शिष्य कोंडीराम गाल धरून बसला होता. मांडीवर शाळेतली पाटी, बोटांना खडूची भुकटी.

बलभीमनं पाटी हिसकली. त्याला अक्षर लावून वाचता येत होतं. “ला-ल पर-कर. मैना. पूर. सात वर्सं.” तो थांबला. “खाली आनखी लिवलंय. दुसरी बाई: दीर रातच्याला…”

रांगेतल्या एका तरुण बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

महानंदानं पाटी ओढून घेतली आणि पदरानं खालच्या सगळ्या ओळी पुसून टाकल्या.

“आवो, पुसलं कशाला?” बलभीम ओरडला. “फौजदाराला दाखवायला पुरावा व्हता!”

“वरची ओळ आहे की. तेवढी पुरे. खालचं त्या बायकांचं आहे, दादा. ते तुमचं नाही, माझंही नाही.”

निलव्वा भिंतीला धरून खाली बसली. “म्या नुसती वळ टाकत व्हते,” ती पुटपुटली. “न्हाय टाकली तर मारायचे मला…” शरिफाबीनं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

बाहेर मांडवात एव्हाना कल्लोळ माजला होता. महाराज मागच्या दारानं ओढ्याकडे निघाले होते. ते लांब गेले नाहीत. कोंबडीवाल्या बाबानं त्यांना पहिलं गाठलं.

पण महानंदाचं काम संपलं नव्हतं. लिंबाच्या झाडाखाली मथुराबाई तिच्यापुढं उभी राहिली.

“त्यो चोर, मान्य. पन एक सांग. त्यानं चोरून ऐकलं म्हंजे हिनं म्हनलंच व्हतं की न्हाय? लेकराला आडात टाकायचं?”

फसवणूक उघड झाली की माणसं सुटतात, असं महानंदाला वाटत होतं. तसं नव्हतं. ती धुरपदाकडे वळली. “मी सांगू का, तूच सांगतेस? नाही सांगितलंस तरी चालेल.”

धुरपदानं मान वर केली. मग झाडाखालून दोन ओळी आल्या, फुटलेल्या आवाजात:

“आडाच्या कडंला उभी, घागर जड गं झाली,
काखंतल्या लेकरानं, आडातनं साद घातली.”

“तिनं टाकलं का, मामी?” महानंदानं विचारलं.

“न्हाय.”

“टाकायचं म्हणाली का?”

“…न्हाय. साद ऐकू आली म्हनती.”

“त्या सादेला भिऊन ती पोराला जवळ घेईना. तुम्हाला वाटलं, माया नाही. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन असं आजारी पडतं. झोप जाते, नको ते दिसतं, नको ते ऐकू येतं. ताप येतो तसा हा आजार येतो, आणि औषधानं उतरतो. सोलापूरला डॉक्टर आहेत. डाग दिला तर उतरणार नाही. तिला खात्री पटेल, की ती खरंच डाकीण आहे.”

मथुराबाईनं निलव्वाच्या कनवटीची किल्ली स्वतः जाऊन आणली. साखळी सुटली तेव्हा धुरपदाच्या मनगटाला चिकटलेली कातडी कडीबरोबर निघाली. सासूनं ते पाहिलं, आणि स्वतःचा पदर फाडून मनगटाला गुंडाळला. बाकी चौघींच्या साखळ्याही त्याच किल्लीनं सुटल्या.

सोलापुरात तीन आठवडे गेले. आधी औषधानं झोप आली, मग भूक, मग रडू. जुलैत महानंदा मुंबईला परतली, पण जाण्याआधी मथुराबाईला चार गोष्टी पाठ करून घेतल्या: गोळ्या चुकवायच्या नाहीत, पोरापाशी आणि आडावर तिला एकटं सोडायचं नाही, झालं-गेलं बोलून दाखवायचं नाही, ती बोलेल तेव्हा नुसतं ऐकायचं. पाचवी गोष्ट शरिफाबीनं आपणहून घेतली. दर बेस्तरवारी बांगड्यांची टोपली घेऊन ती धुरपदाच्या गावी जाई, तासभर तिच्यापाशी बसे. काय बोलणं झालं, ते तिनं रसूललासुद्धा कधी सांगितलं नाही. महानंदानं पत्रातून विचारलं, तर रसूलकडून लिहवून घेतलेलं उत्तर आलं: “धुरपदा जेवते. बाकीचं तिचं आहे.”

दसऱ्यापर्यंत मनगटावरची जखम भरली. उजव्या हाताला पांढरा वळ कायमचा राहिला. शरिफाबीनं तो हात मांडीवर घेतला, वळावरून अंगठा फिरवला आणि नेहमीपेक्षा एक माप मोठ्या हिरव्या बांगड्या काढल्या. शेजारी पोर रांगत होतं. धुरपदानं मोकळ्या हातानं त्याला ओढून मांडीवर घेतलं आणि बांगड्यांपासून त्याच्या मुठी दूर धरल्या.

महाराजांवर खटला झाला, सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले म्हणतात. तिथं ते पीठ हुंगणार नाहीत. नारळ हुंगतील, नाहीतर चपला. म्हणून हे सांगून ठेवायचं. न सांगता तुमच्या घरातलं दुःख कुणी ओळखलं, तर हात जोडण्याआधी आठवून पाहा, की ते तुम्ही कुठं बोललात, तिथं कोण बसलं होतं, आणि दिवा कुठल्या अंगाला झुकत होता. देव हुंगून कळवत नाही. घरातलं माणूस झोपेनासं झालं, भिंतीशी बोलू लागलं, तर त्याला साखळी नको, धुरी नको, डाग नको, डॉक्टरकडे न्या. आणि ते माणूस कधी तुमच्यापाशी बोललंच, तर ऐका, आणि ते आपल्यापाशीच ठेवा.